जुनेराचा हिशेब

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी साऱ्या वऱ्हाडात ओळखले जाते. आंबिया बहाराची फळे रंगावर येतात, त्या दिवसांत या भागातल्या शिवारातून फिरणाऱ्याला आणखी एक दृश्य दिसते. बागा संपून कपाशी-हरभऱ्याची शेते लागली, की बांधाबांधाने जुन्या साड्या ताणून बांधलेल्या असतात. रानडुकरांचे कळप पिकात शिरू नयेत म्हणून शेतकऱ्याने केलेले हे कुंपण. विदर्भात आता ते सगळीकडेच आढळते. साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या, अनेकदा बाजारातून वजनावर आणलेल्या. दोन पिढ्यांपूर्वी घरातल्या गोधडीत ज्या वस्त्राची गत झाली असती, ते आज बांधावर उन्हापावसात फडफडत असते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. तारेचे कुंपण त्याला परवडत नाही आणि रात्रभर राखण करणेही त्याच्या जिवावर येते. प्रश्न वेगळा आहे. वस्त्र जपण्याची आणि वस्त्र टाकण्याची जी रीत या समाजात होती, ती कोणाच्या श्रमावर उभी होती, ती का मोडली, आणि मोडली याचे दुःख किती करावे?

ती रीत आधी नीट समजून घेतली पाहिजे. सुती लुगड्याला अनेक जन्म असत. नेसते लुगडे बसण्याच्या जागी विरले, की विरलेला भाग कापून काढायचा आणि धडाची दोन टोके दंड घालून पुन्हा जोडायची. दंड घातलेले लुगडेही झिजले, की त्याला जुनेर म्हणायचे. जुनेर हा शब्द तुच्छतेचा नव्हता. नवजात बाळाला पहिले कापड नवे घालीत नसत, जुनेराचेच घालीत, कारण शेकडो वेळा धुतल्यावर सुताला जी मऊपणाची माया येते ती नव्या कापडात नसते. चार-सहा जुनेरे एकावर एक अंथरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत नेला, की गोधडी होई. उरलेल्याचे गाळणे, चुलीवरचे भांडे उतरवायचे मसोते, मग पोतेरे, आणि शेवटी चिंधी. चिंधीसुद्धा दुखापतीवर बांधायला वा कंदिलाची काच पुसायला कामी येई. पुरुषांच्या कपड्यांचेही असेच. सदऱ्याची कॉलर वरून झिजली, की ती उसवून, उलटवून पुन्हा शिवायची. धोतर मधोमध विरले, की उभे फाडून कडा आत घेऊन जोडायचे. कापूस शेतातून निघून पुन्हा मातीत जाईपर्यंतचा हा प्रवास होता आणि त्यात वाया जाणारे जवळपास काही नव्हते.

आता याच रीतीकडे अर्थशास्त्राच्या चष्म्यातून पाहू. कारखान्यातले यंत्र दुरुस्त करून त्याचे आयुष्य वाढवले, तर हिशेबनीस घसाऱ्याच्या रकान्यात त्याची दखल घेतो. घरातल्या गोधडीला, लुगड्याला, सतरंजीला टाके घालून त्यांचे आयुष्य वाढवणारी स्त्रीही तेच काम करते. पण नवे कापड विकले गेले, की राष्ट्रीय उत्पन्न वाढते. जुन्याला ठिगळ लावले, तर त्या आकड्यात काहीच हलत नाही. दुपारची भांडी आटोपल्यावर उंबऱ्याशी उजेडात बसून सुईत दोरा ओवणाऱ्या स्त्रीने पिढ्यान्‌पिढ्या या देशाचा कापडावरचा खर्च वाचवला आणि तिच्या नावावर एक पैसाही जमा झाला नाही. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. त्या जवळपास पाच तासांत शिवणटिपणही आले.

म्हणून ठिगळाचे गुणगान करताना जीभ आवरावी लागते. गेल्या काही वर्षांत शहरांतल्या सुखवस्तू मंडळींना गोधडीचे अप्रूप वाटू लागले आहे. ठिगळांची नक्षी प्रदर्शनांत मांडली जाते. त्यात वाईट काही नाही. मात्र निवडीचे ठिगळ आणि नाइलाजाचे ठिगळ एका मापाने मोजता येत नाही. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घालीत. लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणत. त्यांचा जन्म परिटाच्या घरातला. कापडाची स्वच्छता आणि कापडाची किंमत दोन्ही त्यांना जन्मतः ठाऊक होत्या. त्यांच्या अंगावरची चिंधी हे अपरिग्रहाचे व्रत होते. परंतु याच बाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी चिंधी पत्करणाऱ्या त्या माणसाने इतरांच्या नशिबी चिंधीच असावी असे कधी म्हटले नाही. व्रत स्वतःपुरते असते. दुसऱ्यावर लादले, की त्याचीच शिक्षा होते.

आणि या देशात ती शिक्षा शास्त्राच्या आधाराने लादली गेली आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. गावगाड्यात याचा अर्थ असा झाला, की एका जातीच्या अंगावरून उतरलेले कापड हे दुसऱ्या जातीचे हक्काचे वस्त्र ठरले; मृताच्या अंगावरचे कापड घेणे हासुद्धा हक्क म्हणून गणला गेला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि नेसण्याची जी पद्धत पाहताक्षणी अस्पृश्यता सांगते ती सोडून द्या, स्वच्छ राहा, असा आग्रह धरला. उतरलेले कापड नाकारणे ही त्या चळवळीतली केवळ राहणीमानाची बाब नव्हती. ती माणूसपणाची घोषणा होती. टाकून देण्याचा हक्क हा काही जणांनी लढून मिळवलेला हक्क आहे, हे वस्त्र जपण्याचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

तरीही जपण्याची रीत मोडली ती या हक्काच्या विजयामुळे नव्हे. ती मोडली बाजारभावाने. एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, नवा सदरा तीनशे रुपयांना मिळतो आणि वर्षभर टिकतो. म्हणजे महिन्याला पंचवीस रुपये. जुन्या सदऱ्याची कॉलर उलटवून, खांद्याला अस्तर देऊन तो आणखी चार महिने चालवायचा आहे. शिंप्याने साठ रुपये मागितले, तर दुरुस्तीचा महिना पंधरा रुपयांना पडतो आणि दुरुस्ती फायद्याची ठरते. पण त्याच शिंप्याने आपल्या वेळेचे रास्त दाम म्हणून एकशे वीस रुपये मागितले, तर महिना तीस रुपयांना पडतो आणि नवा सदरा बाजी मारतो. घरातल्या स्त्रीने तेच काम फुकट केले, तर मात्र दुरुस्ती नेहमीच जिंकते. या छोट्या गणितात सारे मर्म आहे. ठिगळ स्वस्त होते, कारण ते लावणारा हात फुकट होता. तो हात शेतमजुरीला, शाळेला, कार्यालयाला गेला, त्याच्या वेळेला मोल आले, आणि ठिगळ महाग झाले. हे महाग होणे शुभच मानले पाहिजे.

मग नवा सदरा स्वस्त कसा? तिथेही कोणाचा तरी हात स्वस्तात राबला आहे म्हणून. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि श्रीमंत देशांच्या बाजारासाठी कपडे शिवणारे अकराशेहून अधिक कामगार, त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया, ढिगाऱ्याखाली मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. कपड्याचा भाव ठरवणाऱ्या कागदावर त्या तड्यांना रकाना नव्हता. कापूस पिकवणाऱ्यालाही नसतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. अमरावतीच्या नावावरून पडलेले 'उमरा' हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाची जात म्हणून रुळले. भाव चढले, युद्ध संपताच कोसळले, आणि सावकाराचे कर्ज मात्र उरले. त्यानंतर या प्रदेशाने किती तऱ्हा पाहिल्या. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि पुढे विरून गेली. २००२ मध्ये बीटी बियाणे आले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी विदर्भाचे नाव जगाला कळले. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या थांबल्या, तेव्हा अचलपूरच्या फिनले गिरणीचे मागही थांबले. २०२४ च्या सप्टेंबरात अमरावतीच्या भव्य वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. या सगळ्या काळात कापूस पिकवणाऱ्या घरातल्या स्त्रीच्या अंगावरचे सूत मात्र उतरले आणि खनिज तेलापासून काढलेला धागा चढला.

हा बदल केवळ फॅशनचा नाही. त्याने जुनेराचे सगळे पुढचे जन्म संपवले. कृत्रिम धाग्याची साडी लवकर विरत नाही, रंग टिकवते, धुवायला सोपी असते, इस्त्री मागत नाही. कष्टकरी स्त्रीने ती पसंत केली यात तिचे शहाणपणच आहे. पण हे कापड पाणी शोषत नाही, म्हणून त्याचे दुपटे होत नाही, गाळणे होत नाही, पोतेरेही होत नाही. चुलीशी ते नेता येत नाही, कारण ते वितळून कातडीला चिकटते. ते मातीत मिसळत नाही. आणखी एक गोष्ट संकोचामुळे बोलली जात नाही. मासिक पाळीच्या दिवसांत गरीब घरातल्या स्त्रिया जुन्या सुती कापडावर अवलंबून होत्या. घरातले सूत संपले, तेव्हा त्यांच्या हाती काय उरले, याची चौकशी कोणी केली नाही. १९९९ पासून जुन्या कापडाचे काम करणाऱ्या 'गूंज' या संस्थेने शहरांतून गोळा केलेल्या सुती कापडाच्या स्वच्छ घड्या बांधून खेड्यांत पोचवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे या प्रश्नाला वाचा फुटली.

तेव्हा टाका कुठवर घालायचा आणि कुठे थांबायचे? जुन्या बायकांना याचे उत्तर हाताने कळत असे. कापड उजेडासमोर धरावे. उभा-आडवा धागा शाबूत असून केवळ शिवण उसवली असेल, तर टाका घालावा. एके ठिकाणी भोक पडून भोवतालचे कापड दणकट असेल, तर रफू करावे वा ठिगळ लावावे. पण ठिगळाच्या कडेलाच कापड फाटू लागले, दोरा कापडाहून बळकट ठरू लागला, की थांबावे. कारण त्यापुढचा प्रत्येक टाका कापडाला सांधत नाही, कापतो. शेंदूरजनाघाटच्या बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला, तर तो रोगट साल खरवडून बोर्डोमलम लावतो आणि झाड वाचवतो. खोडाला चहूकडून रोगाने वेढले, की मात्र तो झाड उपटून काढतो आणि त्या जागी माती तापू देऊन नवे कलम लावतो. उपटताना त्याला वाईट वाटते. पण लळ्यापायी रोगट झाड ठेवले, तर शेजारची झाडेही जातात, हे तो जाणतो. कापडाचेही तसेच आहे. तान्ह्या बाळाचे, आजाऱ्याचे आणि पाळीचे कापड या बाबतीत तर काटकसरीची मर्यादा फार अलीकडे आखली पाहिजे. ते कुबट झाले, डाग धरू लागले, की त्याचा निरोप घ्यावा.

हाताला कळणाऱ्या या कसोटीखेरीज आणखी एक कसोटी आहे आणि ती अधिक महत्त्वाची. निर्णय कोणी घ्यायचा? जो वस्त्र वापरतो त्याने. नवऱ्याचे धोतर नवे आणि बायकोच्या लुगड्याला तिसरा दंड, असे ज्या घरात चालते तिथे काटकसर नसते, विषमता असते. शाळेत ठिगळाची चड्डी घालून जाणाऱ्या मुलाला त्या ठिगळाची लाज वाटत असेल, तर ती लाज त्याची नव्हे, समाजाची आहे. पण ती त्या मुलाला सोसावी लागते, हे विसरून त्याला साधेपणाचा धडा देणे निर्दयपणाचे होय.

इथे कार्यकर्त्यांच्या रोजच्या कामाशी संबंध येतो. पूर, भूकंप, आग असे काही घडले, की कार्यकर्ते प्रथम जुने कपडे गोळा करतात. हेतू चांगला असतो. परंतु २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी ते उचलले नाहीत, कारण त्यांनी घर गमावले होते, आत्मसन्मान गमावला नव्हता. गावोगावच्या 'माणुसकीच्या भिंती'समोर पावसात भिजत पडलेले गुंड्या तुटलेले सदरे हेच सांगतात. देणाऱ्याला टाकायचे होते म्हणून दिले गेलेले कापड आणि घेणाऱ्याला हवे म्हणून दिलेले कापड यांत फार अंतर आहे. शिबिरात आलेला कपडा धुऊन, टाके घालून, गुंड्या लावून, मापाप्रमाणे लावून ठेवता येत नसेल, तर तो गोळा करू नये.

हा वाद नवा नाही. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा उघड्यांच्या देशात कापड जाळण्याला रवींद्रनाथांनी जाहीर आक्षेप घेतला. गांधीजींच्या उत्तराचा सारांश असा होता, की उघड्या माणसाला उतरलेले कापड देऊन त्याचा अपमान करण्यापेक्षा त्याला काम द्यावे. त्या होळीबद्दल दोन मते आजही होऊ शकतात; त्या उत्तरातला काम आणि भीक यांतला भेद मात्र शिळा झालेला नाही. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने अंत्योदय शिधापत्रिकेवर दर कुटुंबाला वर्षाला एक यंत्रमागावरची साडी मोफत देण्याचे ठरवले. पुढच्याच वर्षी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात आदिवासी स्त्रियांनी अशा साड्या तहसील कार्यालयात नेऊन परत केल्या. साडी नको, हाताला काम द्या, हे त्यांचे म्हणणे होते. १९२१ चे उत्तर शंभर वर्षांनी जव्हारच्या स्त्रियांनी आपल्या अनुभवातून पुन्हा दिले.

मग करावे काय? दुरुस्तीला घरातल्या फुकट हाताकडून काढून मोबदल्याच्या कामात आणावे, हे पहिले. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कपडे आणि पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्याला सहा ते पंचवीस युरोंची सूट मिळू लागली आणि तिचा पैसा नवे कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून उभा राहतो. तत्त्व सोपे आहे : ज्याने स्वस्त वस्तू बाजारात ओतली, त्यानेच तिच्या आयुष्याचा भार उचलावा. आपल्याकडे याची सुरुवात लहान प्रमाणात करता येईल. नगरपरिषदांनी आठवडी बाजारात रफूगार, शिंपी आणि शिवणकाम करणारे बचत गट यांना बसायला छपराची जागा द्यावी, वीज द्यावी, आणि शाळांचे गणवेश, रुग्णालयांच्या चादरी, वसतिगृहांच्या सतरंज्या यांच्या दुरुस्तीचे काम रास्त दराने त्यांना द्यावे. रेशनवर साडी द्यायचीच असेल, तर ती सुती असावी, आणि ती विणण्याचे काम कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांना मिळावे. शाळेत मुलींबरोबर मुलग्यांनाही सुईदोरा धरायला शिकवावे. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हा हाताचे काम हा शिक्षणाचा गाभा मानला होता. आणि प्रत्येक कार्यकर्त्याने निदान स्वतःच्या सदऱ्याची गुंडी स्वतः लावावी. घरातल्या पाच तासांतली दहा मिनिटे कमी होतील, तीही थोडकी नव्हेत.

या उपायांनी बाजार बदलेल असे नाही. नव्या सदऱ्याच्या किमतीत शिवणाऱ्या कामगाराचे आणि कापूस पिकवणाऱ्याचे रास्त दाम पडेल, तो सदरा महाग होईल, तेव्हाच दुरुस्ती करणाऱ्यालाही रास्त दाम मागता येईल. दोन्ही श्रमांचे मोल एकमेकांत गुंतलेले आहे. एकाला फुकट राबवून दुसऱ्याचे भले होत नाही. आजवर फुकट शिवणाऱ्या स्त्रीची स्पर्धा कवडीमोलाने राबणाऱ्या कामगाराशी लावली गेली, आणि त्या स्पर्धेत दोघीही हरल्या.

शेंदूरजनाघाटच्या शिवारात बांधावर ताणलेल्या साड्या यंदाही हंगाम संपेपर्यंत टिकतील, मग उन्हाने विटतील, वाऱ्याने फाटतील आणि मातीवर पडून राहतील. माती त्यांना घेणार नाही. नेसून झालेल्या सुती लुगड्याला माती घेत असे. तोवर त्यात एक बाळ निजलेले असे, एक म्हातारी थंडीत गुरफटलेली असे, आणि कोणी तरी दुपारभर त्याला टाके घातलेले असत. त्या कोणा तरीच्या दुपारचा मोबदला मात्र अजून बाकी आहे.